केवड्यातली वाट

राजोडीच्या किनाऱ्यावर रविवारी जी माणसं येतात ती सुरूच्या झाडांखाली चटया अंथरतात, वर बघतात आणि एकमेकांना सांगतात, "काय निसर्ग आहे हो!" ही सुरूची झाडं मी वीतभर रोपं असल्यापासून ओळखतो. ती टोपल्यांतून आली, दोरी लावून ओळीने लागली, आणि लावणाऱ्यांना दुपारी प्यायला पाणी आमच्या विहिरीचं गेलं. ओळीत उभी असलेली झाडं बघून ज्याला निसर्ग आठवतो त्याला शाळेची कवायत बघूनही आठवेल. त्या जागी आधी जे होतं त्याला आम्ही निसर्ग म्हणत नव्हतो, केवडा म्हणत होतो. दोन पुरुष उंच, आतून अंधारा, पानांच्या कडांना करवतीसारखे काटे. त्यात कोल्हे राहत, घोरपडी राहत, साप राहत, आणि चटई अंथरायला एक हातभरही जागा नव्हती. त्या केवड्यातून जाणाऱ्या एका वाटेबद्दल मला लिहायचं आहे. आमच्याकडची जुनी माणसं अशा गोष्टी सांगताना भर घालतात, कोल्ह्यांची संख्या दर वर्षी वाढते. मी भर घालणार नाही, आणि जे मी मोजलेलं नाही त्याचा आकडाही देणार नाही.

आमची वाडी केवड्याला लागूनच होती. आधी घर, मागे विहीर, विहिरीवर रहाट, मग केळी, आणि अगदी पश्चिमेच्या टोकाला, जिथे केवडा सुरू होई, तिथे आत्याचा मांडव. रहाट रेड्याच्या चालीने फिरे आणि त्याचा कण्हल्यासारखा आवाज आमच्या लहानपणी सकाळपासून कानात असे. तो थांबला की घरातलं माणूस हातातलं काम सोडून वर बघे. सकाळी तांदळाची भाकरी, बरोबर केळफुलाची भाजी नाहीतर सुकट, आणि चुलीपाशी आई. ओटीवर वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू. आप्पांना कुणी बागाईतदार म्हटलं की ते ताठ बसत. धाकटा नानाकाका मुंबईला एका कचेरीत कारकून होता, शनिवारी रात्री घरी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा.

आत्या ही दोघांची मोठी बहीण. नवरा लवकर गेला, ती माहेरी परत आली, पण भावांच्या जिवावर राहिली नाही. तिची सुकेळी होती. ज्यांनी ती खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: राजेळी केळी पिकून साल काळवंडली की सोलायची, मांडवावर तट्ट्या टाकून ओळीने उन्हात मांडायची, संध्याकाळी गोळा करून बांधून ठेवायची, सकाळी पुन्हा मांडायची. होता होता केळं आटून निम्मंही राहत नाही, रंग मधाचा होतो आणि अंगाला चिकटा सुटतो. मग ती केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधायची. चिकटा सुटल्यावर त्यांना पाणी लावता येत नाही, धुतली की आंबतात. आत्याची सुकेळी आगाशीच्या बाजारात न बघता घेतली जात. तिचं लुगडं, तिची मिश्री, तिची जत्रा, सगळं त्या मांडवावरून येई, आणि भावांशी ती ज्या आवाजात बोले तो आवाजही तिथूनच येत असावा. प्रत्येक घाणा उतरवताना ती आमच्यापैकी एखाद्याला एक सुकेळं चावायला द्यायची आणि विचारायची, "काय लागलं?" आम्ही म्हणायचो, "गोड." ती चिडायची. "गोड तर केळं असतंच. त्यात मी काय केलं?"

मांडवाच्या शेजारून समुद्राची वाट केवड्यात शिरत असे. ती वाकडी होती. आमच्या बाजूच्या सगळ्याच वाटा वाकड्या होत्या. थोडं आत गेलं की वाट अचानक एका अंगाला वळे, मग पुन्हा दुसऱ्या अंगाला, आणि तुम्ही बाहेर पडेपर्यंत समुद्र दिसत नसे, फक्त ऐकू येई. दर वर्षी वाढलेली पानं छाटायची तीही वळण राखून. का, असं विचारलं तर आत्या सांगे की समुद्रात बुडालेली माणसं सरळ चालतात, त्यांना वळता येत नाही. वाट सरळ ठेवली तर ती घरी येतील. हे ती अगदी सहज सांगे, जसं कुणी सांगावं की मांजर येतं म्हणून दूध झाका.

आता आमच्याच लोकांबद्दलही खरं लिहिलं पाहिजे. घरातून लाटांचा आवाज ऐकू येई, तरी समुद्र बघायला म्हणून आमच्या घरातलं कुणी कधी गेलं नाही. गणपती पोचवायला जायचं, अंत्यविधीनंतर जायचं, आणि रोज पहाटे तांब्या घेऊन जायचं. किनाऱ्यावरच्या पाखरांना आमच्याकडे एकच नाव होतं, पाखरं. बगळा आणि टिटवी एवढी दोन सोडली तर आप्पांना तिसरं ओळखू येत नव्हतं. बागाईतदारांचं सगळं लक्ष जमिनीकडे, समुद्र कोळ्यांचा. त्यामुळे काकाच्या कचेरीतले रावसाहेब जेव्हा म्हणाले की तुमच्या गावी मोठा खजिना आहे, तेव्हा आमच्या घरात आधी सगळ्यांनी जमिनीखाली काय आहे याचाच विचार केला.

रावसाहेब काकाचे वरिष्ठ. गोरे साहेब गेले तेव्हा खुर्ची त्यांना मिळाली, आणि खुर्चीबरोबर साहेबांची टोपीही मिळाली असावी, कारण ती त्यांना कपाळावर उतरत असे. गोरे साहेब पाखरं मारायला यायचे, हे बघायला यायचे, एवढाच काय तो फरक स्वातंत्र्याने आमच्या किनाऱ्यावर केला. थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळच्या गाडीने ते विरारला उतरत, तिथून आगाशीपर्यंत टांग्याने आणि पुढे आमच्या बैलगाडीने येत. गळ्यात दुर्बीण, गुडघ्यापर्यंत मोजे. काकाच्या कचेरीत एक वरची जागा रिकामी होणार होती. हे काकाने घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण रावसाहेबांचे बूट तो स्वतः पुसून ठेवत असे, त्यावरून सगळ्यांना कळलं होतं.

त्यांना हिंडवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी मॅट्रिकच्या आदल्या वर्गात होतो, आणि काकाच्या मते माझी भाषा बाहेरच्या माणसासमोर चालण्यासारखी होती. मी त्यांना खाडीकडे नेई. तिथे तिवरांच्या मुळांत निवट्या चिखलावरून उड्या मारत. रावसाहेब दुर्बीण लावून बघत आणि म्हणत, "मासा असून जमिनीवर चालतो! केवढं आश्चर्य!" आमच्याकडे निवट्यांचं कालवण करत. तेच कालवण त्यांना दुपारी वाढलं की ते दोनदा मागून घेत आणि आश्चर्य वगैरे काही म्हणत नसत. मग किनाऱ्यावर. तिथे कुरव, चिखल्या, वाकड्या लांब चोचीचं कोरल, ही नावं मी त्यांच्याकडूनच शिकलो, ते श्रेय त्यांचं त्यांना देतो. पण थवा बसलेला दिसला की ते म्हणत, "दहा हजार तरी असतील!" मी एकदा मोजायला लागलो. एका कडेने मोजत निम्म्यापर्यंत आलो तेव्हा अडीचशेच्या आत होते. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "मोजायचं नसतं रे, अनुभवायचं असतं." पुढच्या रविवारी त्यांनी कुणा मित्राला पंधरा हजार सांगितले. आजही किनाऱ्यावर फलक लावणारी जी मंडळी आहेत ती याच पद्धतीने मोजतात असं मला दिसतं.

त्यांचं मन खरं गुंतलं होतं ते कोल्ह्यांत. संध्याकाळी परत निघताना केवड्यातून कोल्हेकुई सुरू झाली की ते बैलगाडी थांबवून ऐकत. एका रविवारी जेवणानंतर ओटीवर पान खाता खाता त्यांनी विषय काढला. आप्पा, काका आणि मी तिथे होतो, आत्या दारात सुपारी कातरत बसली होती.

"बागाईतदार," रावसाहेब म्हणाले, "एवढं वैभव तुमच्या दाराशी, आणि ते बघायचं म्हणजे माणसाने कपडे फाडून घ्यायचे! आमच्या मंडळींना आणायचं आहे, कचेरीतली आणखी काही घरं आहेत. पण या वाटेने बायकामाणसं कशी यायची?"

"सरळ करून टाकू साहेब," काका म्हणाला. "गडी लावले की झालं. आणि मधे एक बाक टाकू, बसून कोल्हे बघता येतील."

"सरळ नाही करायची," आत्या म्हणाली.

रावसाहेबांनी वळून पाहिलं. "का हो?"

आत्याने बुडालेल्या माणसांचं सांगितलं. घरच्या बोलीत सांगितलं, इथे मी ते सगळ्यांना कळेल असं लिहितो आहे. काका मधेच दुसरं काही बोलायला लागला, पण रावसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्या भुतांना वळता येत नाही?" ते म्हणाले. "आमच्या कचेरीत अशी बरीच आहेत."

सगळे हसले. काका सगळ्यांत जास्त हसला. मीही हसलो, कारण भुतांचं मला पटत नव्हतं, अजूनही पटत नाही. आत्याचं कारण चुकीचंच होतं. फक्त वाट बरोबर होती.

"हसा," आत्या म्हणाली. "वाट माझ्या मांडवावरून जाते, तुमच्या कचेरीवरून नाही."

काकाने आप्पांकडे पाहिलं. आप्पांना त्या दुपारी तीनदा बागाईतदार म्हटलं गेलं होतं. ते म्हणाले, "अक्का, काळ बदलला." आमच्या घरात हे वाक्य ज्याला दुसरं काही सुचत नाही तो म्हणतो. मीही माझ्या मुलांना म्हटलेलं आहे.

दिवाळीनंतर वाट तोडली. कोयते घेऊन गडी शिरले, संध्याकाळी हातापायांवर रेघोट्या घेऊन बाहेर आले, असं चालत राहिलं आणि शेवटी एका सकाळी मांडवापाशी उभं राहिलं की खिडकीतून दिसावा तसा समुद्र दिसायला लागला. बैलगाडी जाईल एवढी रुंद, आगगाडीच्या रुळासारखी सरळ वाट. मधोमध बाक. रावसाहेब आले, मांडवाशी उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. "वा! इथून समुद्र दिसतो!"

आत्या सुकेळी उलटत होती. मान वर न करता म्हणाली, "आता समुद्रालाही आपलं घर दिसतं."

थंडी होती तोवर काही झालं नाही, आणि काकाने ते दोन-तीनदा बोलूनही दाखवलं. "आली का गं अक्का कुणी बुडालेली?" मग माघ सरला आणि दुपारचा वारा सुरू झाला. वाळू आली ती मला आधी कानाने कळली. रहाटाचा आवाज बदलला. तो कण्हायचा सोडून दात खाऊ लागला. मग ती ओटीवर आली, अंथरुणात आली, आईच्या पिठात आली. बाकाचे पाय बुडाले. केवडा तोडला होता त्या कडांवर वाऱ्याने मुळं उघडी पाडली आणि वाट गडी न लावता आपोआप रुंद होत गेली. या सगळ्याच्या पहिल्या तडाख्यात आत्याचा मांडव होता. ऊन खणखणीत, सुकेळ्यांना चिकटा सुटलेला, आणि त्यावर ती बारीक, डोळ्यांना न दिसणारी वाळू येऊन बसे. आत्याने झावळ्यांचे आडोसे केले, लुगडी बांधली, मांडव दोनदा हलवला. मागे हलवला की केळींची सावली येई, पुढे नेला की वाळू. रंग तोच, वास तोच. तिने नेहमीसारखी बांधली आणि नेहमीसारखी टोपली घेऊन आगाशीला गेली. मी बरोबर होतो, म्हणून पुढचं सांगू शकतो.

व्यापारी तिचा जुना. त्याने कधी नव्हे ते एक पुडं सोडलं, कदाचित कुणी आधी काही बोललं असेल. एक सुकेळं तोंडात टाकलं आणि चावता चावता थांबला. ते त्याने थुंकलं नाही. तोंडावर रुमाल धरला, पाठ केली, आणि वळला तेव्हा तोंड रिकामं होतं.

"आत्याबाई," तो म्हणाला, "दुसरं कुणी असतं तर बोललो असतो. तुम्हाला काय बोलू? घेऊन जा."

"वारा पडला की पुढचा घाणा आणते," आत्या म्हणाली.

"यंदा राहू दे," तो म्हणाला.

परत येताना टोपली मी घेतो म्हटलं तर तिने दिली नाही. बाजारातून मधोमध चालली, ओळखीच्या बायका "विकली नाहीत का गं?" विचारत होत्या त्यांना "नाही" म्हणत चालली. घरी येऊन टोपली ओटीच्या मधोमध ठेवली. आईने जवळ जाऊन काहीतरी हळू आवाजात विचारलं. आत्या म्हणाली, "मला भावांच्या ताटात जेवायला वाढ, आजपासून." मग जरा वेळाने, वेगळ्याच आवाजात, "रविवारी पाहुणे किती आहेत?"

रविवारी रावसाहेब, त्यांची पत्नी आणि कचेरीतली चौघं अशी सहा माणसं होती, हा आकडा पक्का आहे, पानं मीच मांडली. सकाळी मी सगळ्यांना नव्या वाटेने नेलं. बाकावर बसायला खणून काढावं लागलं असतं, म्हणून उभ्यानेच सगळे केवड्याकडे बघत राहिले. काही हललं नाही. खरं म्हणजे पौषापासूनच आमच्या बाजूला कोल्हेकुई बंद झाली होती, ती आता लांब कळंबच्या अंगाला ऐकू येई.

"कोल्हे कुठे गेले रे?" रावसाहेबांनी विचारलं.

"वाट झाली ना साहेब," मी म्हणालो. "त्यांनाही बायकामाणसं घेऊन राहायचं असतं."

काकाने मागून दंडाला असा चिमटा काढला की तो निळा डाग आठवडाभर राहिला.

परत आल्यावर ओटीवर केळीच्या पानांवर आत्याने स्वतः सुकेळी वाढली. पुडी तिथेच सोडली, मधाच्या रंगाची, देखणी. आप्पा खुशीत होते, टोपली परत का आली हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. मग सहा माणसांनी चावलं. तो आवाज मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही. जात्यात खडा यावा तसा, पण सहा जात्यांतून. रावसाहेबांच्या पत्नी साध्या होत्या, पटकन म्हणाल्या, "अहो, यात वाळू आहे!"

"समुद्रकाठ आहे, असायचीच थोडी," रावसाहेब म्हणाले. "तीच तर इथली चव." आणि त्यांनी दुसरं घेतलं. मी या माणसाबद्दल बरंच वाईट लिहिलं आहे, म्हणून हेही लिहितो, त्यांनी ते दुसरंही पूर्ण खाल्लं.

"साहेब," आत्या दारातून म्हणाली, "वाळू आधी समुद्रावर असायची. तुम्ही वाट करून दिलीत, ती आली. पोटभर घ्या, टोपलीभर आहेत. आगाशीच्या बाजाराने परत धाडलीत."

 रावसाहेब हातातल्या रुमालाची घडी करत राहिले.

"अक्का, आत जा," काका म्हणाला.

"जाते. तू आधी एक खा."

"मला नको."

"सगळ्या पाहुण्यांनी खाल्लं नान्या, घरचं कुणी नको का? लहानपणी मांडवाखालून हलत नव्हतास."

साहेबांसमोर नाही म्हणता येत नव्हतं. काकाने घेतलं. सगळे बघत होते, आणि तो चावत होता, आणि ऐकू येत होतं. त्याला ते थुंकता येईना आणि गिळताही येईना. त्याचे डोळे भरून आले, ते वाळूने की कशाने ते मी सांगू शकत नाही. आत्या तो गिळेपर्यंत उभी राहिली आणि मग आत गेली.

सोमवारी पहाटे काका मुंबईला गेला नाही. मी उठलो तेव्हा तो वाटेच्या तोंडाशी मेढी ठोकत होता आणि आप्पा त्याला झावळ्या देत होते. आधी झावळ्या बांधून कुडाच्या भिंती उभ्या केल्या, एक या अंगाला, एक त्या अंगाला, म्हणजे मधून जाणाऱ्याला वळावं लागेल. मग त्यांच्या आडोशाने केवड्याच्या फांद्या लावल्या. त्या लागायला वेळ घेतात. काही जळल्या, काही पुन्हा लावल्या. काका दर रविवारी त्यांच्याजवळ असायचा, पाणी घालायचा.

रावसाहेब पुन्हा आले नाहीत. वरची जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली. काका म्हणे, सुकेळ्यांनी गेली. आप्पा म्हणत, तशीही जाणारच होती. मला ठाऊक नाही. कोल्हे परत आले असं गावात सांगतात. मी ते आमच्या बाजूला पुन्हा ऐकले नाहीत, म्हणून लिहीत नाही.

पुढच्या हंगामातही सुकेळ्यांत वाळू लागली आणि आत्याने एकही पुडं बाजारात नेलं नाही. त्यापुढच्या वर्षी वारा सुरू झाला तेव्हा केवडा माणसाच्या डोक्यावर गेला होता आणि मांडवापाशी उभं राहून समुद्र दिसत नव्हता. ती घाणा उतरवत होती. रविवार होता, काका फांद्या छाटून परत येत होता, वळण राखून. आत्याने एक सुकेळं उचललं. मी हात पुढे केला, पण ते तिने काकासमोर धरलं.

"चाव."

काकाने घेतलं आणि हळूहळू चावायला लागला. रहाट थांबलेला होता. मी कान देऊन उभा होतो. काही वाजलं नाही.

"गोड आहे," काका म्हणाला.

"गोड केळं असतं," आत्या म्हणाली. "वाळूचं सांग."

काकाने आ करून दाखवला.